वाचकांचे प्रश्न : घरखर्चाची वचने मोडली, तर जाब कसा विचारायचा?

वीज, इंधन, कर, शिक्षणशुल्क यांचा कुटुंबावरचा भार हलका करू, असे सांगून निवडून आलेल्या पक्षांनी तसे केले नाही, तर मतदाराच्या हाती काय उरते, या आशयाची पत्रे सातत्याने येत असतात. त्यांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : घरगुती वीजबिल कमी करण्याचे वचन जाहीरनाम्यात छापून एक पक्ष सत्तेवर आला. कार्यकाळ संपत आला तरी बिल वाढतेच आहे. विक्रेत्याने खोटी जाहिरात केली, तर ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. मग मतदाराला न्यायालयात दाद का मागता येऊ नये?

आपला संताप रास्त आहे, परंतु या वाटेने फारसे काही हाती लागणार नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2013 रोजी सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्याचा निकाल देताना असे स्पष्ट केले की, जाहीरनाम्यातील आश्वासन हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मध्ये सांगितलेल्या भ्रष्ट आचारात मोडत नाही. तो वाद मोफत वस्तू वाटण्याच्या आश्वासनांचा होता. त्या निकालाचा फेरविचार व्हावा यासाठी 2022 मध्ये हा विषय तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला, परंतु तेथील मुख्य वादही अशी आश्वासने द्यावीत की नाहीत हा आहे. दिलेले वचन सरकारकडून सक्तीने पुरे करून घ्यावे, हा नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली, जाहीरनाम्यात कबूल केलेले सार्वमत सरकारने घेतले नाही म्हणून एक नागरिक उच्च न्यायालयात गेला, तेव्हा असे वचन हा राजकारणाच्या कक्षेतला विषय आहे, न्यायालयाच्या नव्हे, असे सांगून न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

हे उत्तर समाधान देणारे नाही, हे मान्य आहे. तरीही आमच्या मते न्यायालयांची भूमिका योग्य आहे. जाहीरनामा न्यायालयाकरवी अमलात आणता येऊ लागला, तर कर किती आकारायचा, अनुदान कोणाला द्यायचे, कर्ज किती काढायचे याचे निर्णय न्यायाधीशांकडे जातील, आणि न्यायाधीशांना तर मतदार निवडूनही देत नाहीत व पदावरून दूरही करू शकत नाहीत. शिवाय अविचाराने दिलेले एखादे वचन, परिस्थिती पालटल्यावर ते सर्वांनाच घातक ठरत असले तरी, पुरे करणे सरकारला भाग पडेल. विक्रेता आणि ग्राहक यांच्यात एका वस्तूचा व एका किमतीचा करार असतो. मतदार मात्र एकाच मताने शंभर विषयांवरचा अधिकार पाच वर्षांसाठी सोपवतो. त्यातला एकच विषय वेगळा काढून त्याची भरपाई मागणे कायद्याला अवघड जाते. म्हणून येथे उत्तरदायित्व राजकीयच राहणार, आणि ते किती धारदार असावे हे कायद्यापेक्षा नागरिकांच्या चिकाटीवर अवलंबून राहणार.

प्रश्न : महागाई आटोक्यात आणली, असा सरकारचा दावा आहे आणि आकडेही तेच सांगतात. घरातला हिशेब मात्र दर महिन्याला वाढतो. यात खोटे कोण बोलते आहे?

बहुधा कोणीच नाही, आणि म्हणूनच हे वचन देताना कोणत्या शब्दांत दिले होते, हे पाहणे फार महत्त्वाचे ठरते. महागाईचा दर म्हणजे किमती वाढण्याचा वेग. एखाद्या कुटुंबाच्या ज्या खरेदीला आधी 100 लागत होते, तिला दहा टक्के वाढीनंतर 110 लागतात. पुढच्या वर्षी दर तीन टक्क्यांवर आला तर 113 च्या थोडे वर लागतात. वेग उतरला, किंमत उतरली नाही. सरकार ‘महागाई कमी झाली’ म्हणते तेव्हा ते वेगाविषयी बोलत असते, आणि घर चालवणारी व्यक्ती ‘महागाई कमी झाली नाही’ म्हणते तेव्हा ती किमतीच्या पातळीविषयी बोलत असते.

यात दोष शिरतो तो प्रचाराच्या वेळी. ‘किमती खाली आणू’ हे वाक्य सभेत बोलायला सोपे असते, परंतु अर्थव्यवस्थेतील एकूण किमती प्रत्यक्षात खाली येणे ही क्वचित घडणारी आणि बहुतेक वेळा मंदीसोबत येणारी गोष्ट आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी 2024 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या दिवसापासून किमती खाली आणण्याचे आश्वासन दिले होते. निवडून आल्यानंतर, पदाची शपथ घेण्यापूर्वीच, एकदा चढलेल्या किमती खाली आणणे अवघड असते, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले. ते म्हणणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते, पण मतदाराने ते मत देण्यापूर्वी ऐकायला हवे होते. पक्ष ‘किमती’ म्हणतो की ‘महागाईचा दर’, ‘बिल’ म्हणतो की ‘बिलावरचा कर’, हे मतदानापूर्वीच नोंदवून ठेवावे, अन्यथा पाच वर्षांनंतर दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या ठरतात आणि जाब विचारायला जागाच राहत नाही.

प्रश्न : युद्ध, साथ, आंतरराष्ट्रीय बाजार अशी कारणे प्रत्येक सरकार पुढे करते. वचन मोडले आणि वचन पाळता आले नाही, यांत फरक कसा करावा?

आलेल्या पत्रांतला हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर उदाहरणांच्या आधारेच देणे बरे.

ऑस्ट्रेलियात 2022 च्या निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाने, आपल्या ऊर्जा योजनेमुळे 2025 पर्यंत घरगुती वीजबिल सरासरी 275 डॉलरने कमी होईल, असे सांगितले होते. हा आकडा एका सल्लागार संस्थेने तयार केलेल्या गणितावर बेतलेला होता. पक्ष सत्तेवर आला. पण त्याच वर्षी युक्रेनवरील आक्रमणामुळे कोळसा आणि वायू यांच्या किमती जगभर भडकल्या आणि बिले घटण्याऐवजी चढली. सरकारने पुढे अनुदान देऊन बिलांचा काही भार उचलला, तरी 275 डॉलरची घट झाली नाही. इंधनाचे दर भडकले हा सरकारचा दोष नव्हता. मात्र जी गोष्ट जगाच्या बाजारावर अवलंबून आहे, तिचा नेमका आकडा आणि नेमके वर्ष देऊन मते मागितली गेली, ही जबाबदारी पक्षाचीच राहते. गणितात गृहीतके असतात; ती मतदारापुढे आकड्याइतक्याच ठळकपणे मांडली जात नाहीत.

ब्रिटनचे उदाहरण याच्या उलट आहे. 2017 च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने घरगुती वीज व वायूच्या दरांवर कमाल मर्यादा घालू असे म्हटले, 2018 मध्ये तसा कायदा झाला आणि जानेवारी 2019 पासून मर्यादा लागू झाली. म्हणजे वचन शब्दशः पाळले गेले. तरी ऑक्टोबर 2022 मध्ये हीच मर्यादा सामान्य वापर असलेल्या घरासाठी वर्षाला 3,549 पौंडांवर पोचली, आणि सरकारला वेगळी हमी देऊन सामान्य घराचे बिल सुमारे 2,500 पौंडांवर रोखावे लागले. कारण ही मर्यादा पुरवठादारांना वाजवीपेक्षा जास्त आकारणी करू देत नव्हती. घाऊक बाजारातील दर मात्र ती अडवू शकत नव्हती. कृती झाली, अपेक्षित परिणाम हाती आला नाही.

या दोन्ही घटनांत सरकारांना दोष देताना आपण हात आखडता घेऊ शकतो. तिसऱ्या घटनेत तसे करता येत नाही. 2010 च्या निवडणुकीपूर्वी ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांनी आणि त्यांच्या उमेदवारांनी विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देऊ, अशा लेखी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. पक्ष आघाडी सरकारात गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुल्काची कमाल मर्यादा सुमारे 3,300 वरून 9,000 पौंडांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावाला त्यातील अनेक खासदारांनी पाठिंबा दिला. आघाडीत तडजोड करावी लागते हे खरेच आहे. पण संसदेत विरोधी मत देणे ही गोष्ट जगाच्या बाजारावर अवलंबून नव्हती. ती पूर्णपणे सही करणाऱ्याच्या हातात होती.

तेव्हा पहिला निकष हाच, की वचन दिलेली गोष्ट वचन देणाऱ्याच्या अधिकारात होती का. कर, शुल्क, अनुदान, सरकारी सेवांचे दर या गोष्टी सरकारच्या हातात असतात, आणि त्यांबाबतचे वचन मोडले तर परिस्थितीची सबब सहसा पुरेशी ठरत नाही. बाजारातील किमती, व्याजदर, आयात इंधन यांवर सरकारचा अंमल अर्धामुर्धा असतो. तेथे प्रयत्न किती झाला हे पाहावे लागते. यापुढचा निकष आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा फार कमी होते : वचन पुरे होणार नाही हे उघड झाल्यावर सरकारने ते केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले? अडचण दिसताच समोर येऊन कारणे मांडणारे सरकार आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्या आकड्याचा उच्चारच टाळणारे सरकार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : अशी वचने मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे एक तरी उदाहरण आहे का?

आहे, आणि एकाहून अधिक आहेत. ‘नवे कर नाहीत’ असे 1988 च्या पक्ष-अधिवेशनात ठणकावून सांगणारे जॉर्ज बुश (थोरले) यांनी 1990 मध्ये तूट आवरण्यासाठी करवाढीला संमती दिली, प्रतिस्पर्ध्यांनी ते वाक्य त्यांच्याविरुद्ध वारंवार वापरले, आणि 1992 मध्ये ते हरले. अर्थात मंदीचाही त्यात वाटा होता. वर उल्लेखिलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या नेत्याने 2012 मध्ये जाहीर माफी मागितली, तरी 2010 मध्ये 57 जागा मिळवणारा तो पक्ष 2015 मध्ये 8 जागांवर आला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे आहे. मे 2009 च्या प्रांतिक निवडणुकीच्या काळात तेथील सत्ताधारी लिबरल पक्षाने, केंद्राचा पाच टक्के आणि प्रांताचा सात टक्के विक्रीकर एकत्र करण्याचा विचार नाही, असे एका उद्योगसंघटनेला कळवले होते. निवडणूक जिंकल्यावर जुलैमध्येच नेमका तोच बारा टक्के एकत्रित कर जाहीर झाला आणि 1 जुलै 2010 पासून लागू झाला. प्रांताचा सात टक्के कर पूर्वी ज्या अनेक सेवांवर नव्हता, त्या सेवा आता त्याच्या कक्षेत आल्या आणि कुटुंबाच्या खर्चावर त्याचा परिणाम लगेच जाणवला.

त्या प्रांतात नागरिकांना थेट कायद्याचा प्रस्ताव मांडू देणारा एक कायदा आहे. त्याची अट अशी, की 90 दिवसांत प्रांतातील प्रत्येक मतदारसंघात किमान दहा टक्के नोंदणीकृत मतदारांच्या सह्या जमवाव्या लागतात. ही अट फार कडक मानली जात होती. तरीही स्वयंसेवकांनी सर्वच्या सर्व 85 मतदारसंघांत ती पूर्ण केली. प्रांताचे प्रमुख गॉर्डन कॅम्पबेल यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये पद सोडण्याचे जाहीर केले, 2011 च्या सार्वमतात सुमारे 55 टक्के मतदारांनी नवा कर रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, आणि एप्रिल 2013 पासून जुनी करपद्धती परत आली. या उत्तरदायित्वाची किंमतही होती, ती लपवण्याचे कारण नाही : कर बदलण्यासाठी केंद्राने दिलेली 1.6 अब्ज डॉलरची मदत प्रांताला परत करावी लागली, म्हणजे तो भार शेवटी करदात्यांवरच आला. एकत्रित कर आर्थिकदृष्ट्या अधिक सुटसुटीत होता, असे म्हणणारे अर्थतज्ज्ञही होते. पण तेथील लोकांचा रोष केवळ करावर नव्हता. निवडणुकीत नाही म्हणून सांगितलेली गोष्ट निवडणूक संपताच केली गेली, यावर होता, आणि तो रोष आम्हाला पूर्णपणे योग्य वाटतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियातील मजूर पक्षाने 275 डॉलरचे वचन पुरे न करताही 2025 ची निवडणूक आधीपेक्षा मोठ्या बहुमताने जिंकली. मतदार एका वचनाचा हिशेब स्वतंत्रपणे करत नाहीत. समोर पर्याय कोणता आहे हेही ते पाहतात. म्हणून केवळ पुढच्या निवडणुकीवर विसंबून राहणे पुरेसे नाही.

प्रश्न : सगळेच पक्ष खोटे बोलतात. मग जाहीरनामे वाचायचे तरी कशाला?

हा समज पुराव्याशी जुळत नाही. बारा देशांतील 57 निवडणुकांमधली वीस हजारांहून अधिक वचने तपासणारा एक संशोधन-निबंध 2017 साली प्रसिद्ध झाला. सत्तेवर आलेले पक्ष, विशेषतः एकट्याच्या बळावर सरकार चालवणारे पक्ष, आपली बरीच वचने पूर्णतः किंवा अंशतः पाळतात, असे त्यात दिसून आले. आघाडीतील पक्षांचे प्रमाण त्याहून कमी होते. ‘सगळे सारखेच’ या वाक्याचा सर्वाधिक लाभ शब्द फिरवणाऱ्यालाच होतो, कारण शब्द पाळणाऱ्यालाही आपण त्याच रांगेत उभे करतो.

प्रश्न : मत देण्यापूर्वी अशा वचनाची पारख कशी करावी?

खर्च कोण उचलणार, हे पहिल्यांदा विचारावे. घराचे बिल सरकारने कमी केले, तर उरलेली रक्कम कर, कर्ज किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेतील कपात यांतूनच येते. नेदरलँड्समध्ये केंद्रीय नियोजन कार्यालय 1986 पासून निवडणुकीपूर्वी पक्षांच्या जाहीरनाम्यांचा आर्थिक हिशेब मांडून प्रसिद्ध करते. सहभाग ऐच्छिक आहे, तरी जो पक्ष त्यापासून दूर राहतो त्याला कारण विचारले जाते. ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये स्थापन झालेले संसदीय अर्थसंकल्प कार्यालय पक्षांच्या आश्वासनांचा खर्च काढून देते आणि निवडणुकीनंतर त्यांचा एकत्रित अहवाल मांडते. भारतात 2013 च्या निकालानंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचा भाग जोडला गेला. आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठीचा पैसा कोठून येणार हे ढोबळमानाने तरी सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे. पण आचारसंहितेला कायद्याचे बळ नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने आश्वासनांच्या खर्चाचा तपशील ठरावीक नमुन्यात द्यावा, असा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे ठेवला. असा नमुना कायद्याने बंधनकारक व्हावा, असे आमचे ठाम मत आहे. निकालानंतरच्या शंभर निषेधांपेक्षा मतदानापूर्वीचा एक प्रामाणिक हिशेब अधिक उपयोगी पडतो.

मुदतही नीट पाहावी. ब्रिटनच्या मजूर पक्षाने 2024 च्या निवडणुकीत ऊर्जाबिले 300 पौंडांपर्यंत कमी करण्याचा शब्द दिला, तो 2030 पर्यंतचा. पुढील सार्वत्रिक निवडणूक मात्र 2029 मध्येच किंवा त्याआधी होणार आहे. ऊर्जा क्षेत्रातील बदलांना वेळ लागतो, हे मान्य. पण ज्या वचनाची मुदत पुढच्या मतदानानंतर संपते, त्याला मधले टप्पे जोडलेले नसतील, तर मतदार ते तपासणार कशाच्या आधारे? ‘पर्यंत’ हा शब्द रकमेपुढेही आहे, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य नागरिकाने नेमके काय करावे?

सभेत दिलेला शब्द सभागृहात आणावा. लोकसभेत 1953 पासून शासकीय आश्वासनांची समिती काम करते, आणि विधिमंडळांतही अशा समित्या असतात. मंत्र्याने सभागृहात ‘विचार करू’, ‘कार्यवाही करू’ असे म्हटले की त्या विधानाची आश्वासन म्हणून नोंद होते, ते साधारण तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते, आणि मुदतवाढ हवी असल्यास समितीकडे कारण द्यावे लागते. प्रचारसभेतील वचनाला यांपैकी काहीच लागू होत नाही. म्हणून आपल्या आमदार-खासदारांकडे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, एकच नेमकी मागणी करावी : अमुक वचनाची सद्यःस्थिती काय, हा प्रश्न सभागृहात विचारा. उत्तर मिळाले की ते शब्द सरकारचे अधिकृत शब्द होतात. त्यानंतर त्या विषयावर किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली संबंधित खात्याला विचारता येते; मात्र प्रश्न मतांविषयी नव्हे, कागदपत्रांविषयी असावा, म्हणजे नकार देणे अवघड जाते.

यासोबत एक सुधारणा मागण्याजोगी आहे, आणि तिचा नमुना मध्यवर्ती बँकांच्या कायद्यांत आधीच आहे. भारतात महागाईचे लक्ष्य चार टक्के असून दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची सवलत आहे. सलग तीन तिमाह्या ती मर्यादा ओलांडली, तर रिझर्व्ह बँकेने अपयशाची कारणे, उपाय आणि लक्ष्य गाठण्याचा अंदाजे कालावधी सरकारला लेखी कळवावा लागतो. 2022 मध्ये तशी वेळ आली, पण तो अहवाल त्या वेळी लोकांपुढे ठेवण्यात आला नाही. ब्रिटनमध्ये महागाई लक्ष्यापासून एक टक्काबिंदूहून अधिक ढळली, तर बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरना अर्थमंत्र्यांना पत्र लिहावे लागते, आणि ते पत्र कोणालाही वाचता येते. असेच पत्र दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सरकारने नागरिकांना लिहावे : घरखर्चाविषयी कोणती वचने दिली होती, कोणती पुरी झाली, कोणती राहिली, का राहिली आणि कधी होतील. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही; सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांत एका तरतुदीची भर घालून हे सुरू करता येईल, आणि ही मागणी आपण आपल्या प्रतिनिधीकडे येत्या अधिवेशनापूर्वी लेखी पाठवू शकता.